मेणचट, चिकट की बुळबुळीत?

प्रश्न असा: गवतात उगवलेल्या छोट्या लाल वॅक्सकॅप अळंबीची मराठीत नोंद करताना तिची टोपी ‘मेणचट’ म्हणावी, ‘चिकट’ की ‘बुळबुळीत’?

‘मेणचट’ आधी बाजूला काढू. वॅक्सकॅपच्या नावात मेण आहे म्हणून हा शब्द चटकन सुचतो, पण मराठीत त्याला मळाचा वास आहे. मेणचट होते ती उशी, नाहीतर शर्टाची कॉलर. ‘पाणचट’मधला ‘-चट’ कौतुकाचा नाही, तसाच हाही नाही. शिवाय या अळंबीचा मेणासारखेपणा खरा जाणवतो तो टोपीखालच्या पात्यांत, म्हणजे गिल्समध्ये. त्या जाडसर आणि विरळ असतात. चिमटीत धरून चोळल्या की कळतं. तिथे सरळ ‘मेणासारख्या’ लिहा.

टोपीच्या पृष्ठभागाला मात्र चार पायऱ्या हव्यात: कोरडी, ओशट, चिकट, बुळबुळीत. ओशट म्हणजे बोटाला तेलकट लागते, पण बोट धरून ठेवत नाही. चिकट टोपी बोट उचलताना किंचित ओढते. तिच्यावर गवताची काडी चिकटलेली दिसते. बुळबुळीत म्हणजे वर वेगळा घसरडा थरच असतो आणि बोट घसरतं. (‘गिळगिळीत’ लिहू नका, त्यात किळस येते आणि मऊपणाही.)

हा शब्दांचा कीस नाही. हायग्रोसायबी मिनिएटा ही इवलीशी लालभडक वॅक्सकॅप कोरडी असते, आणि भिंगातून टोपीवर बारीक खवले दिसतात. उलट पॅरट वॅक्सकॅपची टोपी आणि देठ दोन्ही इतके बुळबुळीत की खुडताना चिमटीतून सटकते. तिचा हिरवा रंग उडून ती पिवळी-नारिंगीही होते, तेव्हा रंगापेक्षा हा स्पर्शच कामाला येतो. हिरवी झाक बहुधा देठाच्या वरच्या टोकाला उरते, तिथे जरूर बघा. देठासाठी विशेषण वेगळं लिहायचं, टोपीचंच खाली ओढायचं नाही.

एक अडचण आहेच: पावसात कोरडी टोपीही ओली लागते आणि उन्हात बुळबुळीत टोपी वाळून नुसती चकाकते. म्हणून ‘ओली’ हे वर्णन हवामानाचं झालं, अळंबीचं नव्हे. विशेषणाशेजारी ‘पावसानंतर’ किंवा ‘वाळलेली’ एवढं तरी टाकावं.

जाता जाता क्रियापदाबद्दल. हायग्रोसायबी कोनिका या वॅक्सकॅपबद्दल ‘काळसर टोपी’ असं लिहिलेलं मी पाहिलंय. ताजी असते तेव्हा ती लाल, नारिंगी किंवा पिवळी असते. हात लागला किंवा जून झाली की काळी पडते. तिथे ‘काळवंडते’ लिहा. ‘काळसर’ हा रंग झाला, ‘काळवंडते’ ही घडामोड, आणि ओळख पटते ती घडामोडीवरून.