'स्वयंसेवी योगदान' की ऐच्छिक वर्गणी?

प्रश्न असा आलाय की एका भाषांतरात "युनिसेफ ही संस्था पूर्णपणे स्वयंसेवी योगदानावर चालते" असं वाक्य आहे (युनिसेफ म्हणजे संयुक्त राष्ट्रांचा बालनिधी), ते कानाला खटकतंय पण नक्की काय चुकलंय ते सांगता येत नाही, आणि त्याऐवजी अंशदान, देणगी, वर्गणी, निधी यातलं काय लिहावं.

खटकतंय ते बरोबरच खटकतंय. स्वयंसेवी हा शब्द आपण संस्थेला लावतो, पैशाला कधीच नाही. त्यात सेवा आहे, म्हणजे कुणीतरी स्वतः होऊन काम करतंय. आणि योगदान म्हटलं की आपल्याला बालगंधर्वांचं रंगभूमीला योगदान वगैरे आठवतं, पैसे आठवत नाहीत. त्यामुळे हे दोन शब्द शेजारी आले की वाचणाऱ्याला वाटतं युनिसेफमध्ये लोक बिनपगारी राबतात आणि त्यावर संस्था चालते. तसं अजिबात नाहीये, तिथे पगारी माणसं आहेत, वाक्य सगळं पैशाबद्दल आहे आणि मराठीत नेमका पैसाच गायब झालाय! इंग्रजीत व्हॉलंटरी हा एकच शब्द दोन्हीकडे चालतो, मराठीत माणूस स्वयंसेवक होतो आणि पैसा ऐच्छिक होतो, एवढा फरक भाषांतर करणाऱ्यानं केला असता तरी अर्धं काम झालं असतं.

आता शब्द ठरवायचा तर आधी संयुक्त राष्ट्रांकडे आणि त्यांच्या संस्थांकडे पैसा कसा येतो ते बघायला लागेल, कारण तिथे दोन वेगळ्या तऱ्हा आहेत आणि दोघींना वेगळं नाव हवं. हाउसिंग सोसायटीत राहणाऱ्याला हे लगेच कळेल. मेंटेनन्स ठरलेला असतो, तो भरावाच लागतो, नाही भरला तर थकबाकीदार म्हणून नाव लागतं. आणि गणपतीची वर्गणी, तिचा आकडा आपण सांगायचा. संयुक्त राष्ट्रांच्या मुख्य बजेटचं मेंटेनन्ससारखं आहे, सनदेच्या कलम १७ नुसार आमसभा प्रत्येक देशाचा हिस्सा नेमून देते, दर ३ वर्षांनी तो नव्यानं ठरतो, कमीत कमी ०.००१ टक्का आणि जास्तीत जास्त २२ टक्के. २०२२ ते २०२४ साठी भारताचा हिस्सा १.०४४ टक्के होता. आणि कलम १९ असं की २ वर्षांच्या वर्गणीएवढी थकबाकी झाली तर त्या देशाचा आमसभेतला मताचा हक्क जातो (परिस्थिती खरंच देशाच्या हाताबाहेरची असेल तर आमसभा सूट देऊ शकते).

युनिसेफ दुसऱ्या तऱ्हेतली. १९४६ साली युद्धानंतरच्या मुलांसाठी तात्पुरती म्हणून काढली, १९५३ ला कायम झाली, तेव्हा नावातले आंतरराष्ट्रीय आणि तातडीचा हे दोन शब्द गळले पण त्यांची अक्षरं, इंग्रजीतली आय आणि ई, लघुरूपात तशीच राहिली, शब्दवेड्या माणसाला हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. तिच्या नावातच निधी आहे आणि त्या निधीत नेमून दिलेला एक पैसाही येत नाही. सरकारं स्वतः होऊन देतात, सामान्य लोक देतात, पूर्वी युनिसेफची ग्रीटिंग कार्डं विकत घेऊन लोक द्यायचे, ती १९४९ पासूनची. रोममधला जागतिक अन्न कार्यक्रमही सगळा असाच चालतो. निर्वासितांसाठीच्या उच्चायुक्तालयाला मात्र मुख्य बजेटमधून थोडा पैसा मिळतो, बाकी बहुतेक सगळा ऐच्छिक, म्हणून तिथे 'पूर्णपणे' लिहू नका, युनिसेफबद्दल लिहिलंत तर ते बरोबर आहे.

ऐच्छिक म्हणजे किरकोळ असंही समजू नये. पिंपरीचा हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा पेनिसिलिनचा कारखाना १९५४ चा, तो उभा करायला युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटना या दोघींची मदत होती. पुण्याहून मुंबईला जाताना पिंपरी लागली की मला दर वेळी हे आठवतं, कारण युनिसेफचा तो पैसा कुणावर सक्ती करून आणलेला नव्हता.

आता शब्दांकडे. अंशदान चूक नाही, सरकारी मराठीत मुरलेला शब्द आहे, २००५ पासूनची परिभाषित अंशदान निवृत्तिवेतन योजना सगळ्या सरकारी नोकरांना पाठ आहे. पण त्यात अंश आहे, म्हणजे एकूण रकमेचा ठरलेला वाटा, त्यामुळे तो नेमून दिलेल्या पैशाला जास्त शोभतो, "ऐच्छिक अंशदान" म्हटलं की वाटा ठरलाय पण ठरला नाही असं काहीतरी होतं. कोल्हापूरकडे घरफाळा म्हणतात त्यातला फाळाही अर्थानं अगदी फिट आहे, एकूण खर्च प्रमाणानं वाटून देणं, पण पुण्या-मुंबईच्या वाचकाला तो कळेलच असं नाही आणि कळला तरी टॅक्स वाटेल.

मला स्वतःला वर्गणी हाच शब्द पसंत आहे. ग्रंथालयाची वर्गणी ठरलेली असते, गणपतीची आपल्या मनाची, गावातली शाळा बांधली जाते ती लोकवर्गणीतून, तरी तिन्हीकडे भाव एकच की काम सगळ्यांचं आहे आणि त्यात माझा वाटा. देणगीत हा भाव नाही, देणगी देणारा बाहेरचा असतो, देऊन मोकळा होतो. सदस्य सरकार देतं ते त्या संस्थेतला भागीदार म्हणून देतं, म्हणून ती वर्गणी. एखादं फाउंडेशन किंवा तुम्ही-मी देतो ती देणगी. विशेषण मात्र हवंच, एक नेमून दिलेली वर्गणी, दुसरी ऐच्छिक वर्गणी. स्वैच्छिक व्याकरणानं बरोबर आहे पण ते हिंदीतून आल्यासारखं वाटतं, आपल्याकडे शाळेपासून ऐच्छिक विषय आहे तोच बरा.

अजून एक जागा आहे जिथे भाषांतरं घसरतात. ऐच्छिक पैशातला बराचसा अमुक एका कामासाठीच म्हणून बांधून दिलेला असतो. त्याला राखीव लिहिलेलं बघितलंय, ते नको, राखीव म्हटलं की जागा नाहीतर आरक्षण आठवतं. देवस्थानाच्या पावतीवर अन्नदान, बांधकाम, सर्वसाधारण असे रकाने असतात ना, तसं हे आहे. जुन्या काळी देवळाला नंदादीपासाठी म्हणून जमीन इनाम द्यायचे, तिचं उत्पन्न तेलवातीलाच. जागतिक आरोग्य संघटनेचं दुखणं हेच, पोलिओसाठी आलेला पैसा दुसऱ्या साथीला वळवता येत नाही. २०२२ साली तिच्या बजेटमध्ये नेमून दिलेली वर्गणी एक पंचमांशाहून कमी होती आणि त्याच वर्षी मे महिन्यात सदस्य देशांनी ठरवलं की ती टप्प्याटप्प्यानं वाढवून २०३०-३१ पर्यंत २०२२-२३ च्या मूळ बजेटच्या ५० टक्क्यांवर न्यायची. तेव्हा "विशिष्ट कामासाठी दिलेली" आणि "सर्वसाधारण" असे साधे शब्द वापरा, पावतीवर असतात तेच.

आणि ऐच्छिक हा शब्द गुळगुळीत वाटला तरी त्याच्या पोटात काय आहे ते लिहिणाऱ्यानं विसरू नये. बांगलादेशातल्या कॉक्स बझारच्या छावण्यांमधल्या रोहिंग्यांना अन्न कार्यक्रमाकडून दरमहा माणशी १२ डॉलरचं रेशन मिळायचं, पैसा कमी आला म्हणून २०२३ च्या मार्चमध्ये ते १० वर आणलं, जूनमध्ये ८ वर. कुठल्याही देशानं नियम मोडला नव्हता, कुणी थकबाकीदारही नव्हतं, देणं ऐच्छिकच होतं. म्हणून अशा बातमीत "वर्गणी थकल्यामुळे" लिहिलं तर ते चूक, "ऐच्छिक वर्गणी कमी आल्यामुळे" असं लिहायला पाहिजे, दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

तर तुमचं वाक्य मी असं करीन: "युनिसेफला सदस्य देशांकडून नेमून दिलेली वर्गणी मिळत नाही, ती सरकारांच्या ऐच्छिक वर्गणीवर आणि लोकांच्या, संस्थांच्या देणग्यांवर चालते." थोडं लांबलं पण कळतं. पुढे त्याच मजकुरात प्लेज शब्द आला तर तिथे "दिले" लिहू नका, "कबूल केले" लिहा. वर्गणीच्या वहीत आकडा घातलेला वेगळा आणि जमा झालेला वेगळा, हे मंडळाच्या खजिनदाराला विचारलंत तर तो लगेच सांगेल.