नगरपरिषद कंत्राटी सफाई कामगारांना किमान वेतनापेक्षा जास्त वेतन ठरवू शकते का? कसं?

तुमच्या प्रश्नाचा मथितार्थ असा: शहरात 200 कंत्राटी सफाई कामगार आहेत, सभेपुढे त्यांना 'जगण्यापुरतं वेतन' (निर्वाह वेतन) देण्याचा ठराव येणार आहे, तो टिकेल का आणि पैसे किती लागतील?

टिकेल, पण मर्यादेत. किमान वेतन ही खालची पातळी असते. आपल्या कामावरच्या माणसाला, मग तो ठेकेदारामार्फत का असेना, जास्त देण्यापासून नगरपरिषदेला कोणी अडवत नाही. शहरातल्या दुकानांना, हॉटेलांना किंवा कारखान्यांना मात्र ती दर ठरवून देऊ शकत नाही, तो अधिकार राज्य सरकारचा. ठरावात 'शहरातील सर्व कामगार' असे शब्द घातलेत की 1965 च्या नगरपरिषद कायद्याच्या कलम 308 खाली जिल्हाधिकाऱ्यांनी अंमलबजावणी रोखायला आयतं कारण मिळेल. अमेरिकेत बाल्टिमोरने 1994 मध्ये असा पहिला नियम केला, तोही शहराचं काम घेणाऱ्या ठेकेदारांपुरताच होता.

आधी आकडा कसा काढायचा ते. 1957 च्या भारतीय श्रम परिषदेचे निकष अजून पाया मानले जातात: कामगार, पत्नी आणि दोन मुलं मिळून तीन उपभोग एकक, प्रत्येकी रोज 2,700 कॅलरी, कुटुंबाला वर्षाला 72 वार कापड, शिवाय घरभाडं. इंधन-वीज आणि किरकोळ खर्चाला 20 टक्के. पुढे सर्वोच्च न्यायालयाने रेप्टाकोस ब्रेट खटल्यात शिक्षण, औषधपाणी, सणवार, म्हातारपण यांसाठी आणखी 25 टक्के जोडले. गफलत इथेच होते. हे 20 आणि 25 टक्के एकूण वेतनाचे आहेत, धान्य-कापड-भाड्याच्या बेरजेचे नव्हेत. म्हणजे ती बेरीज एकूण वेतनाच्या 55 टक्के झाली. समजा तुमच्याकडच्या बाजारभावाने ती 11,000 रुपये आली, तर 0.55 ने भागून 20,000 होतात. लेखा विभागाने सरळ 45 टक्के चढवले तर 15,950 येतील आणि कामगाराचे 4,050 रुपये कागदावरच गेले. भाडं मात्र वस्तीतलं खरं घ्या. नव्या वेतन संहितेच्या (वेतनाबाबतचा नवा केंद्रीय कायदा) नियमांच्या मसुद्यात ते धान्य-कापडाच्या 10 टक्के धरलं होतं, त्या पैशांत पत्र्याची खोलीही मिळत नाही.

आता खर्च. उदाहरणासाठी धरू की तुमच्या परिमंडळात (किमान वेतनासाठी ठरवलेल्या भागात) अकुशल कामगाराचं किमान वेतन, म्हणजे मूळ वेतन अधिक विशेष भत्ता (महागाईनुसार बदलणारा), 18,000 आहे आणि तुम्हाला 20,000 द्यायचे आहेत. त्यावर 5 टक्के घरभाडे भत्ता 1,000. पीएफमध्ये (भविष्य निर्वाह निधी) मालकाचा वाटा, विमा आणि प्रशासन खर्चासह, 15,000 च्या मर्यादेवर 13 टक्के म्हणजे 1,950. ईएसआय (कामगार राज्य विमा, म्हणजे आजारपणाची योजना) 21,000 वर 3.25 टक्के, 683. बोनस किमान वेतनावर, म्हणजे 18,000 वर, 8.33 टक्के, 1,499. एकूण 25,132. इथे थांबू नका. झाडलोट महिन्याचे तीसही दिवस चालते, कामगाराचे दिवस 26, म्हणून बदली माणसासाठी 30/26 ने गुणा: प्रत्येक बीटमागे (एका माणसाच्या झाडलोटीचा नेमून दिलेला भाग) साधारण 29,000. ही ओळ अंदाजपत्रकात नसली की ठेकेदार साप्ताहिक सुट्टी बुडवतो किंवा सुट्टीचा दिवस कापतो, आणि मग सगळे त्यालाच शिव्या घालतात. 18,000 वरून 20,000 वर जाण्याचा वाढीव बोजा बीटमागे सुमारे 2,500 रुपये, 200 बीटना वर्षाला साधारण 60 लाख. हातात येताना पुरुष कामगाराला पीएफचे 1,800, ईएसआयचे 158 आणि व्यवसाय कराचे 200 जाऊन 18,842 मिळतील. 25,000 पर्यंत वेतन असलेल्या स्त्रियांना व्यवसाय कर नाही.

20,000 चा आकडा मुद्दाम घेतला. घरभाडे भत्ता धरून तो बरोबर 21,000 वर येतो, आणि ईएसआयची मर्यादाही 21,000 च आहे. 3,000 वाढवलेत तर माणूस त्या योजनेतून बाहेर पडतो (चालू अंशदान कालावधी, म्हणजे सप्टेंबर किंवा मार्चअखेर, संपल्यावर) आणि घरातल्या एका शस्त्रक्रियेत वर्षाची वाढ जाते. विशेष भत्ता दर जानेवारी-जुलैला सुधारतो, तेव्हा हा प्रश्न आज ना उद्या येणारच. त्यासाठी निविदेतच गट आरोग्य विम्याची तरतूद करून ठेवा.

नुसत्या ठरावाने कामगाराच्या खात्यात एक रुपयाही येत नाही. तो निविदेने येतो. वेतन आणि वैधानिक देणी हा भाग स्पर्धेबाहेर ठेवा, बोली फक्त सेवाशुल्कावर घ्या आणि त्यालाही किमान टक्केवारी लावा. शून्य टक्क्याने काम घेणारा ठेकेदार नफा कामगाराच्या पगारातूनच काढतो. अंदाजपत्रकापेक्षा 25 टक्के कमी दराची निविदा मंजूर करून वर निर्वाह वेतनाची भाषा करणं ही शुद्ध धूळफेक आहे. प्रति टन दराचा ठेका असेल तर पगार दिसतच नाही, म्हणून माणसांची संख्या आणि वेतन वेगळ्या तक्त्यात लिहून घ्या. भत्ता बदलला की फरक मिळेल असं कलमही हवं, नाहीतर तीन वर्षांच्या ठेक्यात दुसऱ्या वर्षीच पगार किमान वेतनाखाली जातो.

बिल तपासताना चार कागद एकमेकांशी ताडून पहायचे: हजेरी, बँकेचा प्रत्यक्ष जमा तपशील, पीएफची नावनिशीवार यादी (यूएएन, म्हणजे प्रत्येकाच्या पीएफ क्रमांकासह) आणि ईएसआय चलन. नुसतं चलन घेऊ नका, त्यात दुसऱ्या शहरातल्या कामगारांची नावं निघतात. हजेरीत 200 आणि यादीत 140 असतील तर 60 माणसं फक्त कागदावर झाडतायत. एटीएम कार्ड मुकादमाच्या खिशात असणं हा जुना प्रकार कुठल्याच कागदात दिसत नाही. त्यासाठी पगारानंतर आठवडाभरात दहा-बारा जणांची पासबुकं त्यांच्याच हातून मागवून बघा आणि त्या वेळी ठेकेदाराला बाहेर बसवा.

ठेकेदाराने बुडवलं तर फरक नगरपरिषदेलाच भरावा लागतो. ही जबाबदारी 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यात होती, 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांतही आहे. मग ती रक्कम ठेकेदाराच्या बिलातून किंवा अनामतीतून वळती करायची. सभेत प्रशासनाला हे सांगा, कारण 60 लाखांवर वाद घालणारे थकीत फरकाची रक्कम ऐकून जरा गप्प होतात. आणि बिलं तुमच्याच लेखा विभागात तीन-तीन महिने पडून राहत असतील तर पगार 7 तारखेला होणार नाही, म्हणून किमान दोन महिन्यांच्या पगाराइतकी रक्कम राखीव ठेवण्याचा मुद्दा त्याच ठरावात घ्या.