चामडं टिकलं, चेन गेली : वॉरंटीतून चेन वगळता येते का?

प्रश्न : मी नाशिकला राहतो. गेल्या नोव्हेंबरमध्ये मुंबईतल्या एका मॉलमधल्या शोरूममधून ३८,५०० रुपयांचं लेदर जॅकेट घेतलं. मार्चमध्येच समोरची चेन रनरच्या मागे उघडी पडायला लागली. जवळच्या बॅग दुरुस्तीवाल्याने रनर पक्कडीने दाबून दिला. आठवडाभर चाललं, मग पुन्हा तेच. शोरूमवाले म्हणतात, ‘वॉरंटी चामड्याला आणि शिलाईला आहे, चेनला नाही. २,८०० रुपये भरा, बदलून देतो.’ पूर्ण पैसे परत मिळतील का? मनस्तापाची भरपाई मागता येईल का? आणि केस लढायला मुंबईला जावं लागेल का?

उत्तर : मुंबईला जायची गरज नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३४ नुसार तक्रारदार जिथे राहतो किंवा कामधंदा करतो, तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. १९८६ च्या कायद्यात ही सोय नव्हती. वस्तूची किंमत पाच लाखांच्या आत असल्यामुळे फी लागत नाही. तक्रार ऑनलाइनही भरता येते आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही. स्वतःच्याच धंद्याविरुद्ध बोलतोय, पण या रकमेच्या तक्रारीत वकिलाची फी परवडत नाही.

आता मूळ मुद्दा. ‘दोष’ म्हणजे काय ते कलम २(१०) सांगतं : गुणवत्तेत किंवा दर्जात राहिलेली कोणतीही उणीव. हा दर्जा कायद्याने ठरवलेला असू शकतो, उघड किंवा गर्भित (न बोलता गृहीत धरलेल्या) कराराने ठरलेला असू शकतो, किंवा विक्रेत्याने स्वतः दावा केलेला असू शकतो. तुम्ही विकत घेतलं ते जॅकेट. चामडं एकाकडून आणि चेन दुसऱ्याकडून असा काही सौदा झालेला नाही. समोरून बंद होत नसेल तर ते जॅकेट म्हणून चालत नाही, मग चामडं कितीही अस्सल असो.

शोरूमवाले वॉरंटी कार्डावर बोट ठेवतील. त्यांच्या बाजूनेही थोडा कायदा आहे. माल विक्री कायदा, १९३० च्या कलम १६ प्रमाणे माल विक्रीयोग्य दर्जाचा असावा ही अट गृहीत धरलेली असते, पण कलम ६२ खाली दोन्ही पक्ष करार करून ती वगळू शकतात. म्हणून कार्ड तुमच्या हातात कधी पडलं ते आठवा. पैसे भरल्यावर खोक्यात सापडलं असेल, तर त्यातल्या अटीला तुम्ही होकार कधी दिलात, हा प्रश्न तुम्ही विचारू शकता. मात्र तक्रारीत ‘अनुचित करार’, म्हणजे ग्राहकावर एकतर्फी अटी लादणारा करार, हा मुद्दा मुख्य करू नका. अनुचित कराराच्या तक्रारी राज्य आयोगाकडे जातात, आणि जिल्ह्यात हाच मुद्दा पुढे केलात तर समोरच्याला अधिकारक्षेत्राचा आक्षेप आयताच मिळेल. ‘सदोष माल’ आणि ‘अनुचित व्यापारी प्रथा’ हे दोनच आधार धरा. सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम २(४७) खाली अनुचित प्रथा आहे. बिलात मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवस धरले जातात. नोटिशीत ‘उत्पादन दायित्व’ (सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीची जबाबदारी) हा शब्द घालायची हल्ली फॅशन आहे. तुम्ही घालू नका. त्यासाठी कायद्याने दिलेल्या ‘हानी’च्या व्याख्येत खुद्द वस्तूचं नुकसान धरलेलंच नाही.

खरी अडचण पुराव्याची आहे. दोष होता हे सिद्ध करायची जबाबदारी तुमची, आणि पक्कडीच्या खुणा रनरवर आहेत. ते लपवू नका, तक्रारीत स्वतःहून लिहा. दुरुस्तीवाल्याकडून एका कागदावर लिहून घ्या की जॅकेट आणलं तेव्हाच रनर सैल होता. दिवसाउजेडी चेनचे जवळून फोटो काढा. दाते एकाच जागी वाकलेले किंवा निखळलेले असतील तर ‘ग्राहकाने ओढून तोडली’ हा त्यांचा बचाव भक्कम होतो. दाते वरपासून खालपर्यंत सरळ असून चेन रनर पुढे गेल्यावरच उघडत असेल, तर रनरचं तोंड फाकलंय. हलक्या धातूच्या रनरचं हे नेहमीचं दुखणं, आणि चार महिन्यांच्या वापरात ते होणं तुमच्या बाजूने बोलतं. शोरूमच्या वेबसाइटवर किंवा टॅगवर ‘वायकेके चेन’ असं काही लिहिलं होतं का, तेही बघा. ही १९३४ सालापासूनची जपानी कंपनी आपली अक्षरं रनरवर उमटवते. दावा असेल आणि अक्षरं नसतील, तर निम्मं काम झालं. वाद राहिलाच तर ग्राहक कायद्याच्या कलम ३८ खाली आयोग जॅकेट सील करून प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. त्याचा खर्च आधी तुम्हाला भरावा लागेल.

पूर्ण पैसे परत मिळतील का? मला शक्यता कमी वाटते. एक हिवाळा वापरलेलं आणि दुरुस्त होण्यासारखं जॅकेट. आयोग बहुधा चांगल्या दर्जाची चेन फुकट बसवून द्या आणि थोडा खर्च द्या, एवढंच म्हणेल. बसवलेली चेनही गेली, तर मात्र परताव्याची मागणी वजनदार होते. मनस्तापापोटी पाच-दहा हजार मागा. लाखभर मागितलेत तर तक्रारीचं हसू होईल.

आधी पंधरा दिवसांची नोटीस ईमेलने आणि स्पीड पोस्टाने शोरूम आणि उत्पादक दोघांना पाठवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (१९१५) तक्रार नोंदवा. पुष्कळ दुकानं तिथेच नरमतात. तक्रारीची मुदत दोन वर्षं आहे, पण उशीर केलात तर ‘वापराने झिजली’ हेच ऐकावं लागेल.

तोवर जॅकेट घालायचंच असेल तर २,८०० रुपये भरा, पण पावतीवर ‘हक्क राखून, हरकतीसह’ असं लिहून घ्या. काढलेली चेन रनरसकट परत मागून पाकिटात ठेवा. ती दुकानात राहिली, तर तुमचा पुरावा त्यांच्या कचऱ्यात जाईल.