बारावीनंतर कॉम्प्युटर इंजिनीअरिंगला जायचं आहे. गेमिंग आणि पुढचा अभ्यास, दोन्हीसाठी कोणतं ग्राफिक्स कार्ड घ्यावं?

प्रश्नातली माहिती आधी एकत्र मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही हे उत्तर आपल्याला लागू आहे का ते कळेल. रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, सध्याचं कार्ड ४ जीबीचं जीटीएक्स १६५०, पॉवर सप्लाय ४५० वॅटचा, मॉनिटर १०८०पी आणि १४४ हर्ट्झचा. बजेट ४५ हजार. व्हॅलोरंट आणि जीटीए ५ चालतात, सायबरपंक २०७७ नीट खेळता यावा अशी इच्छा आहे. पुढे कॉम्प्युटर किंवा एआय-डेटा सायन्स शाखा. दुकानदार म्हणतो एनव्हिडिया कंपनीचं ८ जीबीचं आरटीएक्स ५०६० घे, मित्र म्हणतो एएमडी कंपनीचं घे. जुनं कार्ड घ्यावं का, हाही प्रश्न आहे.

मी पुण्यात एका इंजिनीअरिंग कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये काम करतो. तुझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठी मुलं रोज समोर असतात, म्हणून तुला 'तू'च म्हणतो. माझं मत थेट सांगतो: आज घ्यायचंच असेल तर एनव्हिडियाचं १६ जीबी मेमरीचं कार्ड घे, म्हणजे आरटीएक्स ५०६० टीआय १६ जीबी. ते बजेटमध्ये बसत नसेल तर १२ जीबीचं आरटीएक्स ३०६० बघ. ८ जीबीचं कोणतंही कार्ड अभ्यासाचं नाव सांगून घेऊ नकोस.

दुकानात कार्डाची तुलना होते ती फ्रेम्सवरून, म्हणजे सेकंदाला किती चित्रं दिसतात यावरून. हा गेम इतक्या एफपीएसवर चालतो, तो तितक्या. खेळण्यापुरतं ते बरोबरच आहे. अभ्यासात, म्हणजे एआय मॉडेल शिकवताना (ट्रेन करताना), मात्र आधी कार्डावरची मेमरी आडवी येते. संथ कार्डावर मॉडेल ट्रेन व्हायला एका तासाऐवजी तीन तास लागतील, पण होईल. मेमरी पुरली नाही तर पायटॉर्च (अशी मॉडेल बनवायचं सॉफ्टवेअर) 'आउट ऑफ मेमरी' असं सांगून तिथेच थांबतं, मग कार्ड कितीही वेगवान असो. २०१२ साली चित्रं ओळखणाऱ्या ज्या अ‍ॅलेक्सनेटने या क्षेत्राची दिशा बदलली, ते जीटीएक्स ५८० च्या दोन कार्डांवर ट्रेन केलं होतं. दोन कशासाठी? प्रत्येक कार्डावर ३ जीबीच मेमरी होती आणि सुमारे ६ कोटी पॅरामीटरचं, म्हणजे शिकताना बदलत जाणाऱ्या आकड्यांचं, ते नेटवर्क एका कार्डात मावत नव्हतं, म्हणून त्याचे दोन भाग करून वाटून दिले. खेळासाठी बनवलेली कार्डं होती ती, साधी बाजारात मिळणारी. तुझ्यासारख्या मुलाने गेमिंग कार्डावर हे शिकायला सुरुवात करणं मला म्हणूनच अगदी योग्य वाटतं.

आता आजचा हिशेब. ७ अब्ज पॅरामीटरचं भाषा मॉडेल १६ बिटमध्ये ठेवलं तर प्रत्येक पॅरामीटरला २ बाइट, म्हणजे नुसतं मॉडेलच १४ जीबी. तेच ४ बिटमध्ये आवळलं तर साडेतीन जीबीच्या आसपास येतं, वर संभाषण लांबेल तशी थोडी जागा लागते. म्हणजे नुसतं चालवून बघायला ८ जीबीतही जमेल. शिकवायला, म्हणजे ट्रेन करायला घेतलंस की गणित बदलतं. साध्या पद्धतीने अ‍ॅडम ऑप्टिमायझर (पॅरामीटर कसे बदलायचे ते ठरवणारी पद्धत) वापरून ३२ बिटमध्ये ट्रेनिंग केलं तर वेट (खुद्द पॅरामीटर), ग्रेडियंट (तो कोणत्या दिशेने बदलायचा ते) आणि ऑप्टिमायझरचे दोन आकडे मिळून प्रत्येक पॅरामीटरला १६ बाइट लागतात. १ अब्ज पॅरामीटरलाच १६ जीबी संपले, डेटाची बॅच वेगळीच. म्हणून लोक क्यूलोरासारख्या युक्त्या वापरतात: मूळ मॉडेल ४ बिटमध्ये गोठवून ठेवायचं आणि त्याला जोडलेला छोटासा भाग तेवढा शिकवायचा. १६ जीबीत अशा प्रकारे ७ अब्जाचं मॉडेल आपल्या कामापुरतं वळवता येतं. ८ जीबीत प्रत्येक पायरीवर काटकसर करावी लागते, आणि शिकणाऱ्याचा सगळा वेळ विषय सोडून त्या काटकसरीतच जातो. हे मी लॅबमध्ये नेहमी बघतो आणि वाईट वाटतं, कारण मुलं हुशार असतात.

तरीही एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. पहिली दोन वर्षं तुला यातलं काहीही लागणार नाही. पहिल्या वर्षी गणित, भौतिकशास्त्र, मेकॅनिक्स, सी किंवा पायथन. दुसऱ्या वर्षी डेटा स्ट्रक्चर्स, डेटाबेस वगैरे. हे सगळं तुझ्या आताच्या मशीनवर आरामात होतं. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या २०१९ पॅटर्नमध्ये कॉम्प्युटर शाखेला डीप लर्निंग आणि हाय परफॉर्मन्स कॉम्प्युटिंग हे विषय थेट शेवटच्या वर्षी येतात. त्यातले डीप लर्निंगचे प्रॅक्टिकल बघितलेस तर बोस्टनच्या घरांच्या किमती, आयएमडीबीवरचे रिव्ह्यू, फॅशन एमनिस्टची २८ बाय २८ पिक्सेलची चित्रं. यांना ४ जीबीचं १६५० सुद्धा पुरतं, खरं तर नुसत्या प्रोसेसरवरही होतात. दुसऱ्या विषयात कूडामध्ये, म्हणजे एनव्हिडियाच्या कार्डावर गणित चालवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, दोन मोठे व्हेक्टर मिळवणं आणि मॅट्रिक्सचा गुणाकार असे प्रोग्रॅम लिहायचे असतात. त्यालाही १६५० चालतं, कारण ते एनव्हिडियाचंच आहे. म्हणजे परीक्षेपुरत्या अभ्यासासाठी महाग कार्डाची गरज नाही. १६ जीबीची गरज पडते ती स्वतःच्या आवडीने काही करायला घेतलंस तर: मेगा प्रोजेक्ट, हॅकेथॉन, मराठी आवाज ओळखणारं मॉडेल, जे काही असेल ते. घरी पैसे मागताना 'अभ्यासाला लागतंच' असं सांगू नकोस. 'खेळायलाही हवंय आणि या या गोष्टी करून बघायच्यात' असं सांग. आई-बाबांना खरं कारण कळलं पाहिजे, पैसे त्यांचे आहेत.

मित्र एएमडी म्हणतो, त्यात खेळाच्या बाजूने तथ्य आहे. आरएक्स ९०६० एक्सटी १६ जीबी जून २०२५ मध्ये अमेरिकेत ३४९ डॉलरला आलं, तर ५०६० टीआय १६ जीबी त्याच्या आधी एप्रिलमध्ये ४२९ डॉलरला. खेळात दोघं एकमेकांच्या जवळ आहेत आणि एफएसआर ४ (कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करणारं एएमडीचं तंत्र) आल्यापासून चित्राच्या दर्जातही एएमडीने बरंच अंतर भरून काढलं आहे. फक्त गेमिंग असतं तर मीही तुला तेच घे म्हणालो असतो. अडचण आहे ती सॉफ्टवेअरची. कूडा २००७ पासून लोकांच्या हातात आहे. ट्यूटोरियल, गिटहबवरचे प्रोजेक्ट, सीनियरच्या जुन्या नोट्स, सगळं ते गृहीत धरून लिहिलेलं असतं. मॅटलॅबमध्ये जीपीयूवर गणित करायचं तर एनव्हिडियाचंच कार्ड लागतं. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरच्या सायकल्स रेंडररमध्ये एएमडी चालतं, पण ऑप्टिक्स या वेगवान तंत्राचा फायदा एनव्हिडियालाच. एएमडीचं आरओसीएम, म्हणजे कूडाला त्यांचं उत्तर, सुधारतंय, लिनक्सवर चांगलं चालतं, विंडोजवरही येऊ लागलंय. अनुभवी माणूस त्यावर काम करू शकतो. नवशिक्याला मात्र एरर आला की आपला कोड चुकला की ड्रायव्हर, हेच कळत नाही. शिकण्याच्या पहिल्या वर्षात हा गोंधळ नको.

इंटेलचं आर्क बी५८० कोणीतरी सुचवेलच, १२ जीबी मेमरी आणि कमी किंमत म्हणून. कार्ड म्हणून ते वाईट नाही, पण जुन्या प्रोसेसरसोबत त्याचा वेग बराच पडतो हे २०२५ च्या सुरुवातीच्या चाचण्यांत दिसलं आहे. तुझा ३६०० हा २०१९ चा. सोडून दे.

दुकानदाराने सुचवलेल्या ५०६० बद्दल आणखी एक मुद्दा, आणि तो तुझ्या बोर्डामुळे महत्त्वाचा आहे. बी४५० वर पीसीआयई ३.० आहे, म्हणजे कार्ड आणि बोर्ड यांच्यातला जुन्या पिढीचा रस्ता. ५०६० आणि ५०६० टीआय ही दोन्ही कार्डं १६ ऐवजी ८ लेनच वापरतात. कार्डाची मेमरी पुरते तोवर याचा फारसा फरक पडत नाही. ती भरली की उरलेलं सामान सिस्टिम रॅममधून याच अरुंद रस्त्याने ये-जा करतं, आणि खेळ अडखळायला लागतो. नवे मोठे गेम भारी टेक्श्चरवर १०८०पी लाही ८ जीबी भरून टाकतात. म्हणजे ८ जीबीचं कार्ड नव्या बोर्डावर जेवढं त्रास देईल, त्याहून जास्त तुझ्या बोर्डावर देईल.

नावांच्या बाबतीतही डोळ्यांत तेल घालून बघ. ५०६० टीआय ८ जीबीतही येतं आणि १६ जीबीतही. खोक्याच्या पुढच्या बाजूला नाव तेच, मूळ किमतीतला फरक फक्त ५० डॉलरचा. ९०६० एक्सटीचंही तसंच. ३०६० चं सुद्धा नंतर ८ जीबीचं रूप आलं, त्यात मेमरी बसही (मेमरीकडे जाणारा रस्ता) १९२ बिटवरून १२८ बिटवर आली. बिलावर मेमरीचा आकडा लिहून घे.

तुझ्या बजेटची खरी ओढाताण पॉवर सप्लायवर होणार आहे, आणि ४५० वॅट या आकड्यापलीकडे त्याबद्दल तू काहीच लिहिलेलं नाहीस. १६५० ला ७५ वॅट पुरतात. ५०६० टीआयला १८० लागतात, आणि एनव्हिडिया पूर्ण सिस्टिमसाठी ६०० वॅटचा सप्लाय सुचवते. चांगल्या कंपनीचा ४५० वॅटचा असेल तर प्रत्यक्षात तो तुझी मशीन ओढू शकेल, पण कॅबिनेटसोबत मिळालेला स्वस्तातला असेल तर कार्ड लावण्याआधी तो बदल. ८ पिनची, म्हणजे ६ अधिक २ अशी, पीसीआयई केबल त्याला आहे का तेही बघ. तुझं १६५० ती न लावताच चालत असण्याची शक्यता आहे. चांगला ६०० किंवा ६५० वॅटचा सप्लाय घेतलास तर तो पुढच्या कार्डालाही चालेल. घरी ६०० व्हीएचा यूपीएस असेल तर तो साधारण ३६० वॅटच देतो. गेम चालू असताना वीज गेली तर तो लगेच मान टाकेल, त्यामुळे मशीन त्यावर किती वेळ चालेल याचा भरवसा धरू नकोस.

व्हॅलोरंटमध्ये नव्या कार्डाने फार फरक पडणार नाही हेही आताच सांगून ठेवतो. तो गेम प्रोसेसरवर अवलंबून असतो. पुढेमागे बायोस अपडेट करून याच बोर्डावर रायझन ५७००एक्स बसवता येईल, तेव्हा तिथे फरक दिसेल. सायबरपंकमध्ये मात्र १६५० वरून उडी घेतल्यावर रे ट्रेसिंगसह (खऱ्यासारखा प्रकाश) खेळता येईल, डीएलएसएसही (एनव्हिडियाचं एफएसआरसारखं तंत्र) मिळेल. तो आनंद घे, त्यात संकोच करण्यासारखं काही नाही.

जुनं कार्ड घेऊ का, असंही तू विचारलंयस. सप्टेंबर २०२२ मध्ये कार्डांवर चालणारं इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग थांबलं तेव्हा ३०६० सारखी खूप कार्डं बाजारात आली. मायनिंगचं कार्ड म्हणजे खराबच असं नसतं, पण पंखे आणि थर्मल पॅड झिजलेले असतात. समोर बसून कार्डाची माहिती दाखवणाऱ्या जीपीयू-झेडमध्ये मेमरी १२ जीबी दिसते का ते बघ, अर्धा तास जड गेम चालवून तापमान बघ, मूळ बिल आणि सिरीयल नंबर जुळतो का ते बघ. बिल नसेल तर घेऊ नकोस, कितीही स्वस्त असो. नवं घेताना मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा तुझ्या शहरातल्या दोन-तीन दुकानांत विचार आणि ऑनलाइन दराशी ताडून बघ. अमेरिकेतल्या दराला रुपयांत बदलून तुलना करू नकोस, आपल्याकडे १८ टक्के जीएसटी आहे आणि आयातदाराचा वाटा वेगळा. शिवाय २०२५ च्या अखेरीपासून डेटा सेंटरच्या मागणीमुळे मेमरी चिप महागल्या आहेत, त्यामुळे जास्त मेमरीच्या कार्डांचे दर स्थिर नाहीत.

आणि म्हणूनच कदाचित 'आत्ताच घेऊन टाकू' असं तुला वाटत असेल. माझा सल्ला आहे, सीईटी होईपर्यंत थांब. दर दोन-चार हजारांनी चढेल, चढू दे. सायबरपंक नीट चालणारं कार्ड परीक्षेच्या तोंडावर घरात आणणं मला धोक्याचं वाटतं, आणि शाखा कोणती मिळते हेही कॅप राउंड झाल्यावरच कळणार आहे. मेकॅनिकल किंवा सिव्हिल मिळालं तर कॅडसाठी एवढ्या मेमरीची गरज नाही. बाहेरगावी वसतिगृहात राहायचं ठरलं तर तिथे डेस्कटॉप ठेवता येतो का ते विचारावं लागेल, आणि नसेल तर हेच पैसे लॅपटॉपमध्ये घालावे लागतील. मधल्या काळात शिकायची हौस असेल तर गूगल कोलॅबवर (ब्राउझरमधून चालणारी सेवा) १६ जीबीचं टी४ कार्ड मोफत वापरायला मिळतं, तशाच कॅगलवरही दर आठवड्याला ठरावीक तास मिळतात. सेशन तुटतं, वाट बघावी लागते, पण पायटॉर्चची पहिली ओळख तिथे छान होते.

पॉवर सप्लायच्या बाजूला एक लेबल असतं. त्यावर १२ व्होल्टच्या ओळीत किती अँपिअर लिहिलेत आणि कंपनी-मॉडेल काय, ते खाली लिही. त्यावरून सप्लाय बदलायला हवा की नको ते नक्की सांगतो.