घराचा इसार करताना रजिस्ट्रीची तारीख आणि अटी कशा ठरवाव्यात?

तुमचा प्रश्न असा आहे: वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यातल्या गावात 11 लाखांना कवेलूचं (कौलारू) घर आणि मागची सांधवाडी (घरामागची मोकळी जागा) घ्यायची आहे. नमुना 8 वर (ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या उताऱ्यावर) अजून मालकाच्या वारलेल्या वडिलांचं नाव आहे. आईही नाही, एक भाऊ गावातच, एक बहीण नागपूरला. मालक 3 लाख इसार रोख मागतो आणि दसऱ्याला रजिस्ट्री लावू म्हणतो. तुमचे निम्मे पैसे कापसाचे, निम्मे पतसंस्थेच्या कर्जाचे. तारीख कोणती धरावी आणि काय लिहून घ्यावं?

आधी दसरा काढून टाका. त्या दिवशी दुय्यम निबंधक कार्यालयाला सुट्टी असते. मुहूर्त हवाच असेल तर इसार त्या दिवशी करा, दस्त कामाच्या दिवशी. शिवाय दसऱ्यापर्यंत पहिला वेचाही धड घरात आलेला नसतो. त्या कापसात ओल असते, सीसीआय (भारतीय कापूस महामंडळ) 12 टक्क्यांच्या वर ओलावा घेत नाही आणि व्यापारी भाव पाडून मागतो. रजिस्ट्रीच्या तारखेपायी ओला कापूस विकणं म्हणजे घर महाग पडणं.

तारीख कागदांवरून उलटी मोजा. वारसांचा फेरफार (उताऱ्यावरचं नाव बदलण्याची नोंद) ग्रामपंचायतीच्या मासिक सभेत जातो. सभा महिन्यातून एकदा, आणि एखादा दाखला कमी पडला की पुढच्या सभेवर. म्हणजे दोन महिने धराच. वकिलाचा सर्च रिपोर्ट (जुने दस्त आणि बोजा तपासल्याचा अहवाल) आणि पतसंस्थेची मंजुरी यांना आणखी महिना. दिवाळीनंतरचा कापूस विकून पैसे खात्यात यायला डिसेंबर उजाडतो. म्हणून माझ्या मते जानेवारीअखेर ही शेवटची तारीख योग्य. मार्चच्या पुढे मात्र जाऊ देऊ नका. रेडीरेकनरचे (सरकारने ठरवलेल्या मालमत्तेच्या किमतीचे) नवे दर 1 एप्रिलला लागतात आणि मुद्रांक शुल्क सौद्याची किंमत व रेडीरेकनर यांत जे जास्त असेल त्यावर बसतं.

नुसती तारीख लिहून भागत नाही. मजकूर साधारण असा ठेवा («लिहून देणार» म्हणजे विक्रेता): «वारस फेरफार झालेला नमुना 8 व कर थकबाकी नसल्याचा दाखला लिहून देणार यांनी दिल्याची लेखी पोच झाल्यापासून 30 दिवसांत, परंतु उशिरात उशिरा 31 जानेवारीपर्यंत, लिहून देणार यांनी खरेदीखत नोंदवून द्यावे. लिहून देणार यांच्या कागदांमुळे उशीर झाल्यास मुदत तेवढीच वाढेल.» शेवटचं वाक्य तुमच्यासाठी आहे. ते नसेल तर फेरफार त्याने रखडवायचा आणि मुदत संपल्याचं खापर तुमच्यावर फुटायचं, असं होतं. 31 जानेवारीला रविवार येत असेल तर आधीचा कामाचा दिवस टाका.

स्थावराच्या व्यवहारात न्यायालयं तारीख सहसा ताठर धरत नाहीत. ती चुकली म्हणून करार आपोआप मोडत नाही. पण तुमची तयारी सतत दिसली पाहिजे, म्हणजे पैसे उभे असल्याचा पुरावा हवा. मुदतीच्या आत स्पीड पोस्टने कळवा, «अमुक दिवशी कार्यालयात येतो, रक्कम तयार आहे». पासबुकाची प्रत आणि मंजुरीपत्र जपून ठेवा. करार पुरा करून घेण्याचा दावा ठरलेल्या तारखेपासून 3 वर्षांत लावावा लागतो, हेही ध्यानात असू द्या.

आता सह्या. वडिलांची मालमत्ता आहे, त्यामुळे मुलीचा हक्क मुलांइतकाच. इसारपत्रावर तिघांच्याही सह्या घ्या. एकट्या मालकाने लिहून दिलं तर ते बहिणीवर बंधनकारक नाही आणि ऐन रजिस्ट्रीच्या दिवशी तिचा नकार आला तर सौदा अडतो. «बहीण काही म्हणत नाही» हे तिच्याशी स्वतः फोनवर बोलल्याशिवाय मानू नका. ती येऊ शकत नसेल तर नोंदणीकृत मुखत्यारपत्र किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र. साध्या स्टॅम्पवरच्या संमतीपत्राने हक्क सुटत नाही.

नमुना 8 हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा निर्णायक पुरावा नव्हे. त्यात मालक आणि भोगवटादार असे वेगळे रकाने असतात, दोन्ही वाचा. गावात स्वामित्व योजनेची ड्रोन मोजणी झाली असेल तर मालमत्ता पत्रक मागा. घर घरकुल योजनेतलं किंवा अतिक्रमण नियमित करून पट्ट्याने मिळालेलं असेल तर आदेशातल्या विक्रीच्या अटी पाहिल्याशिवाय इसार देऊ नका.

मग टेप घेऊन दोघांनी मिळून जागा मोजा. लांबी, रुंदी, चतुःसीमा आणि चौरस फूट नमुना 8 शी जुळतात का पाहा. शेजारची भिंत सामायिक आहे का? कवेलूची वळचण कोणाच्या अंगणात गळते? नाली कोणाच्या जागेतून जाते? सांधवाडीत बैलबंडी न्यायची वाट कोणाची? ही उत्तरं करारात दोन ओळींत लिहा आणि साक्षीदारांत एक शेजारी घ्या. पुढची निम्मी भांडणं वाटेची आणि पाण्याचीच असतात.

पैशाचं. 3 लाख एकदम देऊ नका. त्याची गरज खरी असू शकते, म्हणून नकाराऐवजी टप्पे मांडा: सहीच्या वेळी 51 हजार, तिघांची नावं नमुना 8 वर चढल्यावर दीड लाख, उरलेलं दस्त नोंदवताना डीडी किंवा आरटीजीएसने. असं मांडलं की फेरफाराची घाई त्यालाच होते. मोजणीचा खर्च तुम्ही उचला, हवं तर पिकं निघेपर्यंत बैल कोठ्यात (गोठ्यात) ठेवू द्या. मुदत आणि टप्पे मिळत असतील तर एवढं सोडायला हरकत नाही.

रोख नको. स्थावराच्या सौद्यात 20 हजार किंवा जास्त आगाऊ रक्कम रोखीने घेतली तर घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. दोघांचंही शेतीचं उत्पन्न असेल आणि कोणाचंच करपात्र उत्पन्न नसेल तर सूट आहे, तरी बँकेतूनच द्या. वाद झाला तर खात्यातली नोंद कामी येते.

करार मोडला तर काय, हे आताच लिहा. कर्ज नामंजूर झालं तर सगळी रक्कम 15 दिवसांत परत. विक्रेत्याने नाकारलं तर व्याजासह परत किंवा करार पुरा करून घेण्याचा तुमचा हक्क, निवड तुमची. तुम्ही मागे हटलात तर फक्त 51 हजार जप्त, दिलेले सगळे नव्हे. «दामदुप्पट देईन» असं लिहून देतात, पण न्यायालय वाजवी भरपाईच देतं, त्या शब्दावर विसंबू नका.

इसारपत्र 500 रुपयांच्या मुद्रांकावर होतं, पण किल्ली घेऊ नका. ताबा दिल्याचं त्यात आलं की त्या कागदावर खरेदीखताइतकं मुद्रांक शुल्क लागतं. ताबा खरेदीखताच्या दिवशी, कोठ्यासह रिकामा, असं लिहा. बैलांना थोडे दिवस द्यायचे ठरलं तर 50 हजार राखून ठेवा आणि ती राखीव रक्कम खरेदीखतातही लिहा, कारण तिथे «पूर्ण रक्कम पावली» असं छापलं की त्या रकमेवरून पुढे वाद होतो.

घरपट्टी, पाणीपट्टी आणि वीजबिल दस्ताच्या तारखेपर्यंत त्याचं, पुढे तुमचं. दस्त झाला की सूची 2 ची (नोंदलेल्या दस्ताच्या गोषवाऱ्याची) प्रत घेऊन त्याच आठवड्यात ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) फेरफाराचा अर्ज द्या आणि पोच घ्या.