आधी रविवारचा दवाखाना बंद करा

प्रश्न : आम्ही धायरीला राहतो. माझे मिस्टर एमबीबीएस, फॅमिली डॉक्टर आहेत. दवाखाना सकाळी साडेनऊ ते दीड, संध्याकाळी साडेपाच ते साडेदहा, रविवारी सकाळी तीन तास. गेल्या वर्षी त्यांची अँजिओप्लास्टी झाली आणि बाराव्या दिवशी ते पुन्हा पेशंट बघायला बसले. बीपीच्या गोळ्या स्वतःच ठरवतात. मुलगी अकरावीत आहे. तिने एमबीबीएस होऊन दवाखाना सांभाळला तर डॉक्टरांना विश्रांती मिळेल. पण ती म्हणते, ‘मला बाबांसारखं जगायचं नाही.’ नीटसाठी तिचं मन कसं वळवावं?

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचून मला काळजी वाटली ती मुलीची नाही, डॉक्टरांची.

साधा हिशेब करा. अकरावी-बारावी, मग एमबीबीएसची साडेचार वर्षं, एक वर्ष इंटर्नशिप. सरकारी कॉलेजातून शिकली तर वर्षभराची बंधपत्रित सेवा, म्हणजे लिहून दिल्याप्रमाणे करावी लागणारी सरकारी नोकरी. सगळं पहिल्या फटक्यात जमलं तरी सात-आठ वर्षं गेली. तोवर डॉक्टर रात्री साडेदहालाच शटर ओढणार का? त्यांना विश्रांती आज हवी आहे. त्यासाठी सोळा वर्षांच्या पोरीला कामाला लावणं मला अजिबात पटत नाही.

‘स्वतःचा दवाखाना, म्हणजे वेळ आपल्या हातात’ हा समज बहुतेक घरांत असतो. तुम्ही दिलेल्या वेळांची बेरीज मी केली : आठवड्याला 57 तास. रात्री फोनवर येणारे रिपोर्ट आणि घरी जाऊन बघायचे म्हातारे पेशंट यात धरलेलेच नाहीत. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी 2021 मध्ये मांडलेला अंदाज असा : आठवड्याला 55 किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना, 35 ते 40 तास करणाऱ्यांपेक्षा, पक्षाघाताचा धोका 35 टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका 17 टक्क्यांनी जास्त. नोकरदाराला आजारपणाची रजा तरी असते. फॅमिली डॉक्टरने दवाखाना बंद ठेवला की त्या दिवसाची कमाई शून्य. जागेचं भाडं आणि कंपाउंडरचा पगार मात्र चालूच. वर भीती ही, की पेशंट एकदा शेजारच्या दवाखान्यात गेला की परत येणार नाही. म्हणून माणूस बाराव्या दिवशी खुर्चीत जाऊन बसतो. मुलीने हे सोळा वर्षं जवळून पाहिलंय. तिचं वाक्य आळसातून आलेलं नाही, तिला बापाच्या जिवाची भीती वाटतेय.

त्यामुळे मन वळवायचंच असेल तर डॉक्टरांचं वळवा. रविवारचा दवाखाना या महिन्यापासून बंद. संध्याकाळच्या पेशंटचे नंबर नऊला थांबवायचे. आठवड्यातून दोन संध्याकाळी एखादा तरुण डॉक्टर लोकम, म्हणजे बदली डॉक्टर, म्हणून बसवा, किंवा जवळच्या एखाद्या डॉक्टरशी आळीपाळीने सुट्ट्या ठरवून घ्या. पैसे कमी येतील, हे मान्य करूनच हे करायचं. आणि बीपी दुसऱ्या डॉक्टरने बघायचं. सगळ्या सोसायटीचा फॅमिली डॉक्टर असलेल्या माणसाला स्वतःचा फॅमिली डॉक्टर नसतो, हे मी अनेक घरांत पाहिलंय आणि दर वेळी जीव हळहळतो.

नीटची तयारी, कटऑफ, कॉलेजं यांची माहिती तुम्हाला कुठल्याही क्लासमध्ये मिळेल. पुढेमागे मुलगी स्वतःहून वैद्यकीयकडे वळली, तर एवढं तिच्या कानावर असू द्या : फॅमिली मेडिसिन हा आता एमडी आणि डीएनबी या एमबीबीएसनंतरच्या पदव्यांचा स्वतंत्र विषय आहे, आणि दोघा-तिघा डॉक्टरांनी मिळून दवाखाना चालवला तर वेळा वाटून घेता येतात. बाबांसारखं काम बाबांसारखं न झिजताही करता येतं. ती नाही वळली, तर दवाखाना बाहेरच्या डॉक्टरलाही चालवायला देता येईल.

तिला माझ्याकडे पाठवायचं असेल तर जरूर पाठवा. पण एकटीला. तुम्ही दोघं त्या वेळी डॉक्टरांचा चेकअप करून या.