वाळूजहून पहिला आयडॉक पाठवण्याआधी

अरे, ग्राहकाला डिस्पॅचची माहिती आयडॉकनं (सॅपचा ठरलेल्या साच्यातला इलेक्ट्रॉनिक निरोप) जायला पाहिजे म्हणून सॅपमध्ये, म्हणजे कंपनीचा कारभार चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, थेट पार्टनर प्रोफाइल (कुणाला काय पाठवायचं याची नोंद) उघडून बसू नको. आधी एसएम५९ या स्क्रीनमध्ये आरएफसी डेस्टिनेशन (समोरच्या सिस्टिमचा पत्ता), मग डब्ल्यूई२१ मध्ये पोर्ट (आयडॉक बाहेर जायची वाट), आणि नंतर डब्ल्यूई२० मध्ये ते पार्टनर प्रोफाइल. एसएम५९ मधली कनेक्शन टेस्ट पास झाली म्हणजे फक्त रस्ता मोकळा आहे. युजर-पासवर्ड चालतो का, ते ऑथरायझेशन टेस्टनंच कळतं.

आयडॉक पाठवल्यावर दिसणारं स्टेटस ०३ मात्र भल्याभल्यांना फसवतं. माहिती पोर्टला दिली, एवढाच त्याचा अर्थ. समोर पण सॅप असेल तर त्यांच्याकडे ५३, म्हणजे नोंद झाली, असं दिसलं पाहिजे. ५१ म्हणजे पोस्टिंग (नोंद होणं) अडकलं. मी नवा होतो तेव्हा ०३ बघून निवांत जेवायला गेलो, अन् तिकडं ट्रक गेटवर दोन तास उभा! त्यांचा पार्ट नंबर आमच्या मटेरियल कोडशी जोडलेलाच नव्हता. म्हणून मॅपिंगचा तक्ता (त्यांचा नंबर आणि आपला कोड यांची जोडी) भरताना स्टोअरच्या माणसाला शेजारी बसव. एकाच बोल्टची तीन नावं त्यालाच माहीत असतात, कन्सल्टंटला नाही.

आपल्याकडे येणारे आयडॉक ५१ वर अडकले तर बीडी८७ या स्क्रीनमधून परत चालवता येतात. पण आधी मास्टर डेटा (मटेरियल, ग्राहक यांच्या मूळ नोंदी) दुरुस्त कर, नाहीतर तेच ५१ पुन्हा दारात. अन् हे सगळं आधी क्वालिटी सर्व्हरवर, म्हणजे चाचणीच्या सिस्टिमवर, बरं का!